कल्याणचा तुषार

चाचणीला गेला तो फलंदाज म्हणून. शिवाजी पार्क जिमखान्यावर फलंदाजांची रांग लांबलचक, गोलंदाजांची आखूड. पोरगा आखूड रांगेत जाऊन उभा राहिला. तुषार देशपांडेने सांगितलेली ही हकिकत. कल्याण ते दादर लोकलची गर्दी ज्याने रोज पाहिली, त्याला रांगेचा अंदाज चुकणार थोडाच!

2016-17 च्या हंगामात तो मुंबईकडून रणजी स्पर्धेत उतरला. 2020 मध्ये दिल्लीतर्फे आयपीएलमध्ये आला, तेव्हा पहिला बळी मिळाला बेन स्टोक्सचा. खरी परीक्षा मात्र 2023 ची. अहमदाबादेत चेन्नईने त्याला आयपीएलच्या इतिहासातला पहिला 'इम्पॅक्ट प्लेयर' (सामना सुरू असताना अकरांतल्या एकाच्या जागी येणारा खेळाडू) म्हणून आणलं आणि गुजरातने त्याला 51 धावा चोपल्या. पुढच्या सामन्यात नो-बॉल, वाइड यांची रीघ लागली, कर्णधार धोनी जाहीरपणे करवादला. तरीही त्याने चेंडू तुषारच्याच हाती ठेवला. हंगामअखेर खात्यात 21 बळी जमा झाले आणि चेन्नईने चषक जिंकला. धावा दिल्या, पण बळीही आणले. टी-ट्वेंटीत हा सौदा महाग म्हणता येत नाही.

त्याची शैली देखणी नाही. खेळपट्टीवर चेंडू जोरात आपटायचा, टप्पा थोडा आखूड ठेवायचा, शेवटच्या षटकांत यॉर्कर टाकायचा.

गंमत म्हणजे विक्रम झाला तो बॅटीने. 2024 च्या रणजी उपउपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने 123 धावा ठोकल्या. तनुष कोटियनबरोबर शेवटच्या गड्यासाठी 232 धावांची भागी झाली. दहाव्या-अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतकं करण्याचा प्रकार त्याआधी एकदाच, 1946 मध्ये ओव्हलवर भारताच्या सरवटे-बॅनर्जी जोडीने केला होता. 2024 च्याच जुलैत हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध त्याला भारताची टोपी मिळाली.