समासातली नोंद

स्कॉटलंडच्या जुन्या जन्मदाखल्यावर मूल किती वाजता जन्मले तेही लिहिलेले असते. इंग्लंडच्या दाखल्यांवर अशी वेळ बहुधा जुळ्यांपुरतीच असते. तिकडचे दाखले पाहायची सवय असलेला वाचक स्कॉटलंडच्या कागदावर वेळ दिसली की नसलेले भावंड शोधत बसतो.

स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 रोजी सुरू झाली. त्याआधी आधार होता तो चर्चच्या वह्यांचा, आणि त्यांत जन्मापेक्षा बाप्तिस्म्याची तारीख अधिक सापडते. पहिल्या वर्षी निबंधकांना किती विचारायला लावले होते! आईवडिलांची वये, जन्मगावे, लग्न कधी व कुठे झाले, आधीची मुले किती, त्यांतली हयात किती, गेलेली किती. हा भार झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी हे रकाने वगळले गेले. लग्नाची तारीख आणि ठिकाण तेवढे 1861 साली परत आले. त्यामुळे आपल्या पणजोबांचा जन्म 1858 चा असला, तरी त्यांचे एखादे भावंड 1855 मध्ये जन्मले होते का, हे आधी पाहावे. एका मुलाच्या दाखल्यात अख्खे घर सापडते.

आईच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव असतेच, त्यामुळे आजोळची वाट मोकळी राहते. माहिती कुणी दिली, तो रकाना मात्र घाईने ओलांडू नये. दाखला म्हणजे निबंधकासमोर कुणीतरी केलेले निवेदन. सांगणारी आजी असेल, तर लग्नाची तारीख चुकलेली असू शकते. सहीच्या जागी फुली असेल, तर आडनावाचे स्पेलिंग निबंधकाच्या कानाने ठरवलेले असते.

सर्वांत जास्त थांबावे ते 'अनौरस' या शेऱ्यापाशी. 1919 पर्यंत तो बाळाच्या नावाखालीच लिहीत. कोवळ्या जिवाच्या कपाळी असा शिक्का मारणारी ती रीत क्रूरच होती. आईबापांचे लग्न झालेले नसेल, तर बाप स्वतः येऊन आईसोबत सही करील तरच त्याचे नाव चढे. नाहीतर तो रकाना कोरा. पण डाव्या समासात दुरुस्ती-नोंदवहीचा खंड आणि पान लिहिलेले दिसले, तर ते पान काढून पाहावेच. एखादीने शेरीफ न्यायालयात दावा लावून पितृत्व सिद्ध केले असेल, तर त्या निकालाची नोंद तिथे असते: बापाचे नाव, न्यायालय, निकालाची तारीख. तिथून पुढचा माग एडिंबराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लागू शकतो; खटल्याची कागदपत्रे टिकली असतील, तर त्यांत पोटगीची मागणीही वाचायला मिळते.