चाकामागचं रबर

मागच्या भागात आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. चारचाकी गाडीच्या पुढच्या चाकांमागं रबराचे बुश असतात. ते फाटले तर काय होतं, कसं ओळखायचं आणि घरच्या अंगणात त्यातलं किती काम आपल्याला जमतं, हे आज सांगणार आहोत. रेडिओवर पाना-जॅकच्या गोष्टी कशाला, असं म्हणाल. पण आमच्या गटातल्या एका वहिनींच्या हातातली गाडीची किल्ली या मूठभर रबरापायी तीन महिने काढून घेतली गेली होती, म्हणून सांगतो.

आमचं गाव खटाव तालुक्यात, म्हणजे जिल्हा सातारा. पण आम्हाला बाजार जवळचा तो विट्याचा, म्हणजे जिल्हा सांगली. गटाचा कांदा-लसूण मसाला, शेवया, पापड घेऊन वहिनी घरच्या जुन्या छोट्या गाडीतून मायणीवरून विट्याला जायच्या. गाडी शिकल्या त्या दोन मुलं झाल्यावर. आमच्या गटात परवाना असलेल्या त्या एकट्याच.

संक्रांत होऊन गेली होती, उसाचा हंगाम जोरात. ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खचवलेल्या. एका गावाजवळ सायकलवरचं पोर अचानक आडवं आलं. वहिनींनी ब्रेक दाबला, तर गाडी सरळ थांबायची ती डावीकडं ओढली गेली आणि चाक चरात उतरलं. पोराला काही झालं नाही, गाडीला ओरखडा आला. पण घरी बोलणं झालं ते झालंच. बाईच्या हातात गाडी दिली की असं होतं, असं सासरे म्हणाले आणि किल्ली देवघराच्या फळीवर गेली. वाईट याचं वाटतं, की वहिनीसुद्धा तेच धरून बसल्या. माझाच हात वळला असेल, म्हणायच्या. गाडीवर कुणी संशय घेतला नाही, कारण गणपतीच्या आधीच एका गॅरेजमध्ये नेऊन दोन्ही बाजूंचे बुश नवे बसवले होते. सहा महिनेही झाले नव्हते.

आमच्यातल्या एकीचे मामा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त झालेत. आखितीला ते गावात आले. गाडी गल्लीतून पुढं-मागं करताना पुढून 'कट्ट' असा आवाज आला आणि मामा ओट्यावरून उठले.

हे बुश काय करतात ते आधी सांगतो. गाडीचं चाक गाडीला थेट घट्ट बसवलेलं नसतं. नाहीतर रस्त्यातला प्रत्येक खड्डा आपल्या मणक्याला कळला असता. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये खालून एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. बिजागरीवर दार हलावं तसा हा हात चाकाबरोबर वर-खाली होतो. बिजागरीच्या जागी असतो तो बुश. एक छोटी लोखंडी नळी, तिच्या बाहेर मोठी नळी आणि दोघींच्या मधे रबर, दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं. आतली नळी बोल्टनं सांगाड्याला जखडलेली, बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली. आर्म हलला की मधलं रबर पीळ खातं आणि पुन्हा जागेवर येतं. मिक्सरच्या भांड्याखालचा रबरी कपलर आठवा. मोटारीचा हिसका तो स्वतः खातो. तो झिजला की मिक्सर कसा खडखडतो, ते आपल्याला सांगायला नको.

ब्रेक दाबल्यावर गाडी पुढं जायला बघते आणि चाक मागं राहायला बघतं. ही ओढाताण त्या रबरावर येते. एका बाजूचं रबर फाटलेलं असेल, तर त्या बाजूचं चाक जरासं मागं सरकतं, त्याचं तोंड फिरतं आणि गाडी एका अंगाला जाते. हात कितीही सरळ धरा. मामांनी हे समजावून सांगितलं तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

आता ओळखायचं कसं? गतिरोधकावरून जाताना, किंवा हळू चालवत ब्रेक दाबताना पुढून एकच दणका येतो. सरळ रस्त्यावर गाडी डुलल्यासारखी जाते, स्टीअरिंग सारखं सावरावं लागतं. टायर आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेनं घासलेला दिसतो. यातली एक खूण असली म्हणजे बुशच गेला असं नाही. बॉल जॉइंट, स्टॅबिलायझरची लिंक, टायरमधली कमी हवा, अडकलेला ब्रेक, यांचीही अशीच लक्षणं असतात. म्हणून डोळ्यानं बघायचं. मोकळ्या जागेत एकीनं गाडी अगदी चालीच्या वेगानं पुढं घेऊन ब्रेक दाबायचा, मग मागं घेऊन दाबायचा, आणि दुसरीनं बाजूला लांब उभं राहून चाकाकडं बघायचं. चाक पत्र्याच्या कमानीत पुढं-मागं सरकताना दिसलं, तर बुश संशयित. नंतर गाडी बंद करून, चाक स्टीअरिंगनं वळवून बॅटरीच्या उजेडात रबर बघायचं. वरवरच्या बारीक रेषा म्हणजे वय झालं, इतकंच. पण खोल चीर असेल, रबर नळीपासून सुटलं असेल किंवा आतली नळी मधोमध न राहता एका कडेला टेकली असेल, तर तो बदलायचाच. वहिनींच्या गाडीत डाव्या बाजूच्या चिरेत नख जात होतं.

इथं आमच्या एका काकींनी काळ्या ऑइलची बाटली आणली. बैलगाडीच्या चाकाला वंगण घालतात तसं इथं घालू, आवाज थांबेल. मामा ओरडलेच, "रबराला तेल पाजता व्हय?" खनिज तेलानं साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज चार दिवस दबतो आणि रबर आणखी लवकर जातं. कुकरची रिंग उन्हात आणि तेलात पडून राहिली की कशी होते, तसंच.

यातलं घरी काय जमतं ते सांगतो. स्टॅबिलायझर नावाची एक लांब सळई दोन्ही पुढच्या चाकांना जोडते, तिला धरणारे अर्धगोल रबर बहुतेक गाड्यांत सोपे असतात. एक पट्टी, दोन बोल्ट, रबराला एक काप असतो, तो उघडून सळईवर चढवायचा. फक्त दोन्ही चाकं सारख्या उंचीवर हवीत, नाहीतर सळई ताणात असते आणि पट्टी बसत नाही. लोअर आर्मचे बुश मात्र टनावारी दाबानं बसवलेले असतात. ते हातोडीनं ठोकून काढायच्या नादी लागू नये. रबर पेटवून काढतात असं कुणी सांगेल, तेही करू नये, तो धूर विषारी असतो. आम्ही आर्म घरी खोलले आणि विट्याला प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेऊन जुने बुश काढून नवे बसवून आणले. एका बुशाची किंमत किलोभर मसाल्याच्या आत होती. नेण्याआधी जुना बुश कोणत्या बाजूला तोंड करून आहे, त्यावर रंगानं खूण करा. काही बुशांच्या रबरात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात, त्या उलट्या बसल्या तर सगळंच चुकतं. आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे.

आमच्या भागात हातात पाना घेणं काही नवं नाही. आमच्याच तालुक्यातल्या औंधच्या संस्थानानं कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं नांगराचा कारखाना उभा केला. त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. यंत्र आणि बायकांचं मासिक, दोन्ही एकाच माळावरचं. असो, गाडीकडं येतो.

जपायचं काय, हे नीट ऐका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जॅक घसरतो. विटा लावायच्या नाहीत, वीट ओझ्याखाली एकदम फुटते. दगडांचा थर नको. लोखंडी स्टँडच हवेत, तेही गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी. आमच्याकडे नव्हते, मामांनी ओळखीच्या गॅरेजमधून दोन दिवसांसाठी आणले. जागा पक्की आणि सपाट हवी. आमचं अंगण मातीचं, म्हणून गाडी शाळेजवळच्या फरशीवर नेली. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल केले. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवलं. चुकून काही निसटलंच, तर गाडी चाकावर थांबेल. पोरांना पलीकडं पिटाळलं. आणखी एक. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला मधोमध जो मोठा नट दिसतो, त्याला हात लावायचा नाही. त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर जीव घेईल. काही मोठ्या, जीपवजा गाड्यांत स्प्रिंग थेट खालच्या आर्मवरच बसलेली असते. तसली गाडी असेल, तर हे काम घरी काढूच नका.

बोल्ट गंजलेले होते. आदल्या रात्री गंज सोडवायचं औषध मारून ठेवलं, रबर जपून. तरी एका बोल्टनं दुपार खाल्ली. लांब दांड्याचा पाना आणि दोघींचा जोर, तेव्हा तो हलला. बॉल जॉइंटला खेळ नव्हता, म्हणून तो तसाच ठेवला.

आणि आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. नवे बुश सहा महिन्यांत का फाटले? जुना आर्म काढताना मामांनी तो आधी हलवून बघितला आणि म्हणाले, "हे लटकत्या चाकावर आवळलंय." गाडी जॅकवर उचलली की चाक खाली लोंबतं, आर्मही खाली झुकतो. त्याच अवस्थेत बोल्ट पक्का आवळला, की बुशाची आतली नळी तिथंच जखडली जाते. मग गाडी जमिनीवर टेकवली की आर्म वर येतो आणि रबराला पीळ पडतो. गाडी नुसती उभी असली तरी तो पीळ सुटत नाही. त्यावर खड्डे, ब्रेक, उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले रस्ते. मग रबर किती टिकणार?

शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. हात खाली सोडलेला असताना पोलक्याची बाही घट्ट टाचली, की हात वर करताच काखेत उसवते. इथंही तेच झालं होतं. बुश चांगला होता, वहिनींचा हातही चांगला होता.

म्हणून बोल्ट आधी फक्त हातानं आणि थोडे पान्यानं बसवायचे. मग स्टँड जागच्या जागी ठेवून दुसरा जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावायचा आणि गाडीचं ओझं त्यावर येईपर्यंत हळूहळू वर घ्यायचा. आता आर्म रोज रस्त्यावर असतो त्या उंचीला आला. शेवटचं आवळणं या वेळी. ज्यांच्या गाडीचे बोल्ट चाक लावल्यावरही हाताशी येतात, त्यांनी गाडी जमिनीवर टेकवून, दोन-तीनदा दाबून बसू द्यावी आणि मग आवळावेत. किती आवळायचं त्याचा आकडा गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असतो आणि त्यासाठी मोजणारा टॉर्क पाना मिळतो. अंदाजानं जोर लावू नये. एकदा काढलेला लॉकचा नट आणि फाटापिन नवी घालावी.

यातलं कुठलंच काम तुम्ही स्वतः केलं नाही तरी चालेल. पण गॅरेजमध्ये बुश बदलत असतील, तर गाडी खाली घेतल्यावरच बोल्ट आवळा, हे एक वाक्य तिथं उभं राहून सांगा. ज्याला काम येतं तो मान हलवेल. जो हसेल, त्याच्याकडे गाडी देण्याआधी जरा विचार करा.

काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावीच लागते, ती घरी होत नाही. दुसऱ्या दिवशी मामा शेजारी बसले आणि वहिनींनी मोकळ्या रस्त्यावर तीनदा ब्रेक दाबला. तिन्ही वेळा गाडी सरळ थांबली. फाटलेला बुश त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेला आणि सासऱ्यांपुढं ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन चिरेत बोट घालून बघितलं. किल्ली फळीवरून खाली कधी आली, ते आम्ही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मसाला घेऊन वहिनी विट्याला गेल्या, तिथंच अलाइनमेंट करून घेतली. चाक काढून बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे, हे मामांनी सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी आधी चाकाचा पाना काढला, दोन्ही चाकांचे नट एकेक करून बघितले, मगच रिकामे डबे उतरवले. सासरे ओट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत.