विश्लेषण : घरी बनवलेल्या गाडीच्या ब्रेकला तार कशासाठी?

भंगारातला पत्रा आणि जुन्या दुचाकीचे इंजिन वापरून कुणी चारचाकी बनवली की तिचा व्हिडीओ पाहता पाहता व्हायरल होतो. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, खर्च किती आला, हे सगळेच विचारतात. ती थांबते कशी, हे फारसे कुणी विचारत नाही. याचे उत्तर ब्रेक डिस्कच्या बोल्टमध्ये आणि त्यांना बांधलेल्या बारीक तारेत दडलेले असते. दवनीवाड्यासारख्या गावात गॅरेज चालवणाऱ्यांनी आणि गाडी बनवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांनी हा तपशील समजून घ्यायला हवा.

बोल्टवर नेमका किती ताण?

ब्रेकची डिस्क, म्हणजेच रोटर, चाकाच्या हबला बोल्टने जोडलेली असते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा डिस्कला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण ब्रेकचा बराचसा भार पेलते.

चालकासह 500 किलोची गाडी ताशी 60 किमी वेगात असेल, तर थांबताना तिची सुमारे 69 हजार ज्यूल ऊर्जा मुख्यतः डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. तेवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी सुमारे 33 अंशांनी तापेल. उतारावर किंवा गर्दीत वारंवार ब्रेक लावला की ही उष्णता साठत जाते.

घट्ट आवळलेला बोल्ट सैल का होतो?

जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे, अगदी सूक्ष्म जरी सरकत राहिले, तरी बोल्ट हळूहळू उलटा फिरू लागतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगांतून हे दाखवून दिले. ब्रेकचा धक्का आणि रस्त्यावरचे खड्डे असेच आडवे बल देतात.

घरगुती गाड्यांत आणखी एक चूक हमखास आढळते. हब आणि डिस्क जिथे टेकतात, तिथे रंगाचा थर किंवा गंज राहतो. तो दबला की बोल्ट न फिरताही सैल पडतो. एक बोल्ट सैल झाला की त्याचा भार उरलेल्यांवर जातो. निसटलेला बोल्ट चाकात अडकण्याचाही धोका असतो.

मग तार काय करते?

तार बोल्ट आवळत नाही, ती त्याला उलटे फिरू देत नाही. बैलगाडीच्या आसाला लावलेली खीळ चाक निसटू देत नाही, तसेच हे काम. बोल्टच्या डोक्यात आरपार छिद्र असते. त्यातून साधारण 0.8 मिमी जाडीची स्टेनलेस स्टीलची तार ओवून पीळ देत शेजारच्या बोल्टपर्यंत नेतात. एक बोल्ट सैल व्हायला निघाला की तार दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढते. दिशा चुकली, तर तार असून नसल्यासारखी.

ही पद्धत विमानांच्या देखभालीत नित्याची आहे. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालते. अशा विमानांच्या देखभालीत महत्त्वाच्या बोल्टला तार बांधणे हे रोजचेच काम.

लॉकटाइट किंवा नायलॉनचा नट चालणार नाही?

आटे चिकटवणारे नेहमीचे द्रावण साधारण 180 अंशांपर्यंत टिकते, नायलॉन त्याआधीच मऊ पडते. तापलेली डिस्क ही मर्यादा सहज ओलांडू शकते. म्हणूनच ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या विद्यार्थी स्पर्धांचे नियम ब्रेक, सुकाणू आणि सस्पेन्शनच्या बोल्टला फक्त चिकट द्रावण पुरेसे मानत नाहीत. तार, कॉटर पिन, वाकवता येणारा पत्र्याचा वॉशर असे यांत्रिक कुलूप हवे, अशी त्यांची अट असते. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’मध्येही गाडी तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय ट्रॅकवर उतरत नाही.

बांधताना काय पाहावे?

- आधी टेकणारे पृष्ठभाग स्वच्छ करा. मग टॉर्क रेंचने बोल्ट ठरलेल्या मापाने आवळा. तार शेवटी.
- छिद्र जुळावे म्हणून आवळलेला बोल्ट सैल करू नका.
- 0.8 मिमी तारेला इंचाला साधारण 6 ते 8 पीळ पुरतात. जास्त पिळली तर ती तुटते.
- टोक आत वळवा, नाहीतर हात फाटतो.
- एकदा काढलेली तार पुन्हा वापरू नका.
- कंपनीच्या दुचाकीचे बोल्ट घरी ड्रिल करू नका. तिथे कंपनीने सांगितलेले नवे बोल्ट आणि द्रावणच योग्य.

तार बांधली की गाडी रस्त्यावर?

नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे 60 हजार रुपयांत बनवलेली छोटी जीप डिसेंबर 2021 मध्ये देशभर गाजली. तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक करतानाच, ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन ती कधीतरी थांबवेल, असे म्हटले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. कंपन्यांनाही नव्या गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम 126 नुसार पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो.

त्यामुळे घरची गाडी शेतात किंवा बंद आवारातच चालवावी. मात्र तिथेही अंगणात मुले खेळत असतात. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबलीच पाहिजे, हा नियम तिथेही तोच राहतो.