फुकटात मिळालेला मधमाश्यांचा थवा: धंदा की डोकेदुखी?

मांजरीत सोसायटीच्या झाडावर मधमाश्यांचा घोस लटकलेला दिसला, की कुणीतरी म्हणतंच, "पेटीत भरा, मधाचा धंदा सुरू!" थांबा. आधी माशी ओळखा.

उंच इमारतीला किंवा पाण्याच्या टाकीला उघड्यावर एकच मोठं पोळं असेल, तर ती आग्या. ती पेटीत राहत नाही, आणि चिडली तर जिवावर बेतू शकतं. तिच्या नादी लागूच नका.

पेटीत पाळायची आपली देशी माशी म्हणजे सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. वसाहत वाढली की जुनी राणी बऱ्याच कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते आणि नवी जागा सापडेपर्यंत फांदीवर टेकते. हाच तो थवा. पोटात मध भरलेला, म्हणून सहसा शांत. जाणकाराला पकडता येतो, टिकवणं अवघड. जवळ फुलोरा नसेल तर सातेरी पेटी सोडून सरळ निघून जाते. गेलं भांडवल!

आता गिऱ्हाइकाचं बघू. मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, म्हणून द्राक्षबागांकडे धावू नका. द्राक्षाला परागीभवनासाठी माशी लागत नाही, वर फवारण्या जास्त. पेटी भाड्याने द्यायची तर कांदा बियाणं, सूर्यफूल, डाळिंबवाल्यांना विचारा. त्याआधी पुण्यातल्याच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (१९६२ पासून आहे) शिकून घ्या.

आणि शेतकऱ्याला भेटलात की भाड्याच्या आधी हे विचारा: फवारणी कधी करता, आणि आदल्या दिवशी फोन कराल ना?