कळांआधी पाणी गेलं तर…

बाळंतपण समजून घेताना : लेखांक ७

घरी बाळंतपण ठरवणाऱ्या जोडप्याने काय तयारी करायची, ते गेल्या लेखांकात पाहिलं. धुतलेल्या चादरी, पलंगावर घालायचं प्लास्टिक, टॉर्च, मिडवाइफचा नंबर आणि वेळ पडलीच तर दवाखान्यात न्यायची भरलेली पिशवी. ही सगळी तयारी एक गोष्ट गृहीत धरून होते. आधी कळा सुरू होतील, त्या वाढत जातील आणि त्यांच्या भरात केव्हातरी पाणमोट फुटेल. बहुतेक जणींचं तसंच होतं. पण दिवस भरलेल्या शंभर जणींमधल्या साधारण आठ जणींचा क्रम उलटा लागतो. पाणी जातं आणि कळांचा पत्ता नसतो. दवाखान्यात नाव घातलेलं असलं, तर पुढचं तिथली माणसं बघतात. घरी बाळंत व्हायचं ठरलेलं असलं, तर पहिल्या तासाभरात काय करायचं हे घरच्यांनाच ठाऊक असावं लागतं.

ठरवून घरी बाळंतपण ही मुख्यतः ब्रिटन, नेदरलँड्स अशा देशांत रुळलेली पद्धत आहे. इंग्लंडमध्ये शंभरांतली जेमतेम दोन बाळंतपणं घरी होतात, नेदरलँड्समध्ये त्याहून बरीच जास्त. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मुलींनाही हा पर्याय विचारला जातो आणि इकडून बाळंतपणाला गेलेल्या आया चक्रावून जातात. म्हणून आधी तिकडची रीत पाहू. ती जशीच्या तशी इकडे का आणता येत नाही, ते शेवटी.

पाणमोट आधीच का फुटते?

पाणमोट दोन पातळ पडद्यांची असते. तिला बळकटी देणारं कोलॅजेन शेवटच्या आठवड्यांत विरू लागतं आणि गर्भाशयाच्या तोंडावर येणारा भाग सगळ्यात आधी नाजूक होतो. एरवी कळांच्या दाबाने तो फाटतो. काहींच्या बाबतीत दाब येण्याआधीच तो साथ सोडतो. काही वेळा जंतुसंसर्गामुळेही पडदा कमजोर होतो. पुष्कळदा मात्र नेमकं एक कारण दाखवता येत नाही. 'जिना चढली म्हणून', 'कपाटावरचा डबा काढायला हात वर केला म्हणून' असली कारणं शोधून बाईला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी भीती 'कोरड्या' बाळंतपणाची. सगळं पाणी वाहून गेलं, आता बाळ अडकणार, असं घरात कुणीतरी म्हणतंच. पोटातलं हे पाणी शेवटच्या महिन्यांत मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होतं, आणि पाणमोट फुटली म्हणून बाळ लघवी करायचं थांबत नाही. पाणी गळत राहतं, तसं नवंही येत राहतं. खरी काळजी वेगळी आहे. पडदा होता तोवर योनिमार्गातले जंतू बाहेर होते. आता वाट मोकळी झाली.

रात्री तीनचा फोन

समजा, लेस्टरमधलं एक मराठी घर आहे. मुलीचे एकोणचाळीस आठवडे भरलेत, पहिलटकरीण आहे. मदतीला सांगलीहून आई आलेली. रात्री तीनला मुलगी उठते तर गादी ओली. पोटात मात्र काही नाही. आई म्हणते, ''अगं, पाणी गेलं! चल, आधी दवाखाना गाठू.'' जावई मिडवाइफला फोन लावतो. ती घाई करत नाही, एकेक विचारत जाते. पाणी किती वाजता गेलं? भसकन आलं की थेंबथेंब? रंग कसा, वास कसा? बाळ नेहमीसारखं हलतंय का? मागच्या तपासणीत डोकं खाली होतं ना, आणि ते कटीत उतरलं होतं का? अंगात कसकस आहे का?

या प्रश्नांवर पुढचं सगळं ठरतं, म्हणून उत्तरं नीट द्यायला हवीत. स्वच्छ सॅनिटरी पॅड लावावा आणि अर्धा तास आडवं पडून मग उठावं. पाणमोट फुटली असेल तर आत साठलेलं पाणी उभं राहताच पुन्हा येतं. नवव्या महिन्यात खोकताना, शिंकताना लघवी सुटते. तिला तिचा वास असतो आणि ती अशी पुन्हापुन्हा येत राहत नाही. पांढरा स्राव दाट, चिकट असतो. गर्भजल पाण्यासारखं, फिकट पिवळसर किंवा किंचित गुलाबी असतं आणि त्याला फारसा वास नसतो. टॅम्पॉन वापरू नये. पॅड टाकून देऊ नये, मिडवाइफला दाखवायला ठेवावा.

तरी शंका राहिली तर निर्जंतुक उपकरणाने गर्भाशयाचं तोंड नुसतं डोळ्यांनी पाहून खात्री करतात. कळा नसताना बोटांनी आतून तपासणं टाळतात. जितक्या वेळा आतून तपासणी, तितका जंतू वर चढण्याचा धोका वाढतो. ''किती उघडलंय ते एकदा बघा ना'' असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

इथे वाट पाहायची नाही

काही खुणा दिसल्या की घरी बाळंत होण्याचा बेत तिथल्या तिथे बाजूला ठेवायचा :

- पाणी हिरवट किंवा तपकिरी असणं. बाळाने पोटातच शी केल्याची ही खूण आहे.
- पाण्याला घाण वास, आईला ताप, थंडी किंवा पोटात सतत दुखणं.
- पाळीसारखा लालभडक रक्तस्राव.
- बाळाची हालचाल कमी होणं किंवा बदलणं.
- ३७ आठवडे पूर्ण झालेले नसणं.
- बाळ पायाळू किंवा आडवं असणं.
- आधीच्या तपासणीत ग्रूप बी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडलेला असणं. ब्रिटनमध्ये ही तपासणी सरसकट होत नाही, पण जंतू आढळला असेल तर थांबण्याचा सल्ला देत नाहीत.

सगळ्यात तातडीची गोष्ट नाळेची. डोकं वरच तरंगत असेल, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो, कारण नाळ दबली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो. योनीत दोरीसारखं काही लागलं किंवा दिसलं, तर बाईने गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हायचं, डोकं खाली आणि कंबर उंच ठेवायची. नाळेला हात लावायचा नाही, ती आत ढकलायची नाही. दुसऱ्याने त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवायची. ब्रिटनमध्ये त्यासाठी ९९९.

चोवीस तासांचा हिशेब

यातलं काहीच नसेल, पाणी स्वच्छ आहे, बाळ हलतंय, दिवस भरलेत, तर ब्रिटनमधली 'नाइस' ही मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था बाईपुढे दोन पर्याय ठेवायला सांगते. एक, लवकरात लवकर दवाखान्यात औषधाने कळा सुरू करणं. दुसरा, २४ तासांपर्यंत वाट पाहणं. दुसऱ्या पर्यायामागचा आधार असा, की अशा शंभरांतल्या साठ जणींना २४ तासांत आपोआप कळा सुरू होतात. धोक्याचा आकडाही बाईला सांगायचा असतो. पाणमोट शाबूत असताना बाळाला गंभीर संसर्ग होण्याचं प्रमाण हजारांत ५ असतं, पाणी आधी गेलं तर ते हजारांत १० होतं. म्हणजे धोका दुप्पट होतो, तरी हजारांतल्या ९९० बाळांना असा संसर्ग होत नाही. यातला एकच आकडा ऐकवणारा माणूस एकतर घाबरवतो, नाहीतर गाफील ठेवतो.

या प्रश्नावर सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. सहा देशांतल्या ७२ रुग्णालयांत ५,०४१ स्त्रियांवर तो झाला. लगेच कळा सुरू करणं आणि चार दिवसांपर्यंत थांबणं यांची त्यात तुलना होती. बाळांमधला संसर्ग आणि सिझेरियनचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. ऑक्सिटोसिन देऊन लगेच कळा सुरू केलेल्या आयांना मात्र संसर्ग कमी झाला. पुढे याच अभ्यासातल्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा घरी थांबलेल्यांपेक्षा रुग्णालयात थांबलेल्यांचं काहीसं बरं निघालं. २०१७ मध्ये कोक्रेन संस्थेने २३ अभ्यास एकत्र मांडले. लवकर कळा सुरू केल्याने आईचा संसर्ग कमी होतो, बाळाचाही कमी होत असावा आणि सिझेरियन वाढताना दिसत नाही, असा त्याचा रोख आहे. तो पुरावा फार भक्कम दर्जाचा नाही, हेही त्यात नोंदवलेलं आहे. तेव्हा वाट पाहणं हा बेजबाबदारपणा ठरत नाही, आणि लगेच कळा सुरू करून घेणारी बाई निसर्गाच्या आड येते असंही होत नाही.

घरी थांबायचं ते कसं

पाणी गेल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा, पुढचं सगळं तिथून मोजलं जातं. जाग असेपर्यंत दर चार तासांनी ताप पाहा. पॅड बदलताना रंग आणि वास बघा. बाळाच्या हालचालीकडे लक्ष असू द्या. वाट पाहणं लांबलं तर मिडवाइफने बाळाचे ठोके दर २४ तासांनी तरी तपासायला हवेत. आंघोळ करायला हरकत नाही, तिने संसर्ग वाढत नाही. शरीरसंबंध मात्र टाळावा. नेहमीसारखं खावं-प्यावं, झोप येत असेल तर झोपावं, कारण कळा सुरू झाल्या की अंगात ताकद लागणार आहे.

आणि एरंडेल नको. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची सूचना सातासमुद्रापार गेलेल्या आयांच्या ओठांवर असते. त्याने हमखास येतात त्या उलट्या आणि जुलाब. ऐन वेळी अंगातलं पाणी कमी झालेली, थकलेली बाळंतीण कुणाच्याच कामाची नाही.

चोवीस तास उलटले आणि कळा आल्या नाहीत, तर बेत बदलतो. नवजात बाळावर उपचार होऊ शकतील अशा ठिकाणीच बाळंत व्हावं आणि नंतर निदान १२ तास तिथे राहावं, असा ब्रिटनमधला सल्ला आहे, कारण संसर्ग झालाच तर तो पहिल्या तासांमध्ये दिसू लागतो. नेदरलँड्समध्येही २४ तासांनंतर बाईची जबाबदारी मिडवाइफकडून रुग्णालयाकडे जाते.

यात हार मानण्यासारखं काही नाही. इंग्लंडमधल्या ६४ हजारांहून जास्त कमी-जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना बाळंतपणाच्या वेळी किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. आधी बाळंत झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर त्रास होण्याचं प्रमाणही घरी ठरवलेल्या बाळंतपणांत जास्त आढळलं, हजारांत ५.३ च्या जागी ९.३. आधी बाळंत झालेल्या बायकांमध्ये असा फरक दिसला नाही. पहिल्या खेपेला घर निवडताना दवाखान्याची पिशवी दाराशी ठेवायची, ती यासाठी.

आपल्याकडे काय?

लेस्टरच्या त्या घरात २४ तास थांबता येतं, कारण रात्री तीनला फोन उचलणारी प्रशिक्षित मिडवाइफ आहे, ती घरी येऊन ठोके ऐकते आणि तिच्यामागे रुग्णवाहिका व रुग्णालय उभं आहे. महाराष्ट्रात ठरवून घरी बाळंतपण करण्यासाठी अशी सरकारी सेवा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जी घरी होतात, ती मेळघाट, धडगाव, भामरागड अशा भागांत पुष्कळदा रस्ता, पाऊस किंवा उशीर यांमुळे होतात. तिथे वाट पाहायला सांगणं म्हणजे बाईला वाऱ्यावर सोडणं.

संसर्ग नवजात बाळाचं काय करतो, हे गडचिरोलीने जगाला दाखवलं आहे. तिथली बहुतेक बाळंतपणं घरीच होत त्या काळात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना बाळातला जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडल्यास इंजेक्शन द्यायला शिकवलं. हा आणि नवजात काळजीचे इतर उपाय मिळून तिथले नवजात मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. बाळ अंगावर ओढत नाही, मलूल पडलंय, अंग गार किंवा तापलेलं आहे, धाप लागलीय, या खुणा तेव्हाही महत्त्वाच्या होत्या, आजही आहेत.

'कळा आल्याशिवाय दवाखान्यात जाऊन काय करायचं? परत पाठवतील' हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. कळांच्या बाबतीत ते कधीकधी खरंही ठरतं. पाणी गेल्यावर ते लागू नाही. दिवस भरल्यावर पाणमोट आधी फुटली तर कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि ते काम दवाखान्यातच होतं. दुर्गम गावातल्या बाईने दिवस भरत आले की आधीच आरोग्य केंद्राच्या 'माहेरघरा'त येऊन राहावं.

नववा लागला की घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा : पाणी गेलं की वेळ लिहायची, रंग बघायचा, पॅड लावायचा आणि आशाताईंना फोन करून १०२ किंवा १०८ वर गाडी मागवायची. कळांची वाट पाहत घरी बसायचं नाही. परदेशात घरी बाळंत होणार असाल, तर हे चार प्रश्न आजच तुमच्या मिडवाइफला विचारून ठेवा : रात्री फोन कुणाला करायचा, तपासायला कोण आणि किती वेळात येईल, किती तासांनी बेत बदलायचा, आणि गाडीला दवाखान्यापर्यंत किती मिनिटं लागतात. चारांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर दवाखान्यात नाव घाला.