निवासी डॉक्टरांचे जागरण
कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ठाण्यासह भिवंडी, शहापूर, मुरबाडचेही रुग्ण येतात. ऑगस्ट 2023मध्ये येथे 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा 500 खाटांवरील भार सर्वांना दिसला. अशा सार्वजनिक रुग्णालयांत हाच भार निवासी डॉक्टरांच्या झोपेवरही पडतो. केंद्राच्या 1992च्या निर्देशानुसार त्यांचे सलग काम 'सहसा' 12 तासांहून अधिक नसावे. या 'सहसा'त बरेच काही सामावते! 17 तासांच्या जागरणाने रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकी कार्यक्षमता घटते, असे 1997च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. आपल्याकडे वाहनचालकास मर्यादा 0.03 टक्क्यांची आहे. घरी तान्हे मूल असल्यास उरलेली झोपही त्याच्याच वाट्याला जाते.