वेडाचा पुरावा

माहूरला काळ्या कोटात दिसलो की विचारतातच, "वकीलसाहेब, वेड्याला खून माफ असतोय म्हणं?" असतो, पण सहजी नाही. जुनं कलम 84, आता न्याय संहितेचं 22, बघतं ती कृत्याच्या क्षणीची मनोवस्था. शाबीत करायची आरोपीनं. 1994 साली महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायानं वाटणाचा दगड घालून बायकोला मारलं. सत्र आणि उच्च न्यायालयानं दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सोडलं. कशावर? आधीपासूनचे उपचार, वडिलांचाही मनोविकार, घटनेनंतर जून ते डिसेंबर दवाखान्याच्या 25 फेऱ्या. आणि तो पळालाच नव्हता. डॉक्टर घटनेवेळी हजर नसतो. म्हणून त्याची साक्ष न्यायालय कागदांवर घासून बघतं. रास्तच आहे. घरात कुणाचे असे उपचार चालू असतील, तर केसपेपर जपून ठेवा.